बाहुलीची पेटी आणि आपलं कपाट
(रेडिओवरच्या बोलण्याचं लेखरूप)



मागच्या भाद्रपदात आम्ही गटातल्या काही जणी एका घरी गौरी उभ्या करायला गेलो होतो. कुणी त्यांना ज्येष्ठा-कनिष्ठा म्हणतं, कुणी महालक्ष्म्या. मुखवटे पुसून झाले, आडणीवर धड उभं राहिलं आणि घरच्या वहिनींनी ट्रंकेतून दोन साड्या काढल्या. एक जांभळी, एक मोरपंखी, दोन्हींना जरीचा काठ. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. निऱ्या काढायला आक्का आल्या. आमच्या आळीत गौरीला साडी नेसवावी ती आक्कांनीच. पदर असा बसवतात की टाचणी दिसत नाही. आक्कांच्या स्वतःच्या अंगावर मात्र धुऊन धुऊन रंग गेलेली सहावारी होती.

वहिनींची लहान लेक बघत होती. ती म्हणाली, "आक्का, गौरीला एवढी भारी साडी आणि तुम्हाला अशी का?"

आक्का हसल्या. "अगं, तिला वर्षातून तीन दिवस नेसायचीय. मला रोज नेसायचीय."

आम्ही सगळ्याच हसलो. पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. गौर ही देवी आहे, तिला बाहुली म्हणायचं नाही. पण लहानपणी आपण चिंध्यांच्या बाहुलीला नेसवायचो तेव्हाही हेच करायचो की. आईच्या ब्लाउजचा उरलेला चांगला तुकडा बाहुलीला, आणि आपल्या अंगावर मोठ्या बहिणीचा आखूड झालेला परकर. बाहुलीला जे घालतो आणि आपण जे घालतो, त्यात एवढा फरक का असतो? ज्या बायकांनी बाहुल्या जमवल्या, सजवल्या, त्यांच्या स्वतःच्या पेटीत काय होतं? याच प्रश्नाच्या मागे आम्ही लागलो, आणि पोचलो थेट इंग्लंडच्या राणीपर्यंत. आज तिचीच गोष्ट सांगायची आहे.

एकशे बत्तीस बाहुल्या

व्हिक्टोरिया राणीचं नाव आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी असायचं. तिच्या छापाचा रुपया कितीतरी घरांत जपून ठेवलेला असतो, कुठे गळ्यातल्या माळेतही ओवलेला असतो. तिचा जन्म 24 मे 1819 रोजी लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात झाला. ती आठ महिन्यांची असताना वडील वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. राजघराणं असलं तरी घरात पैशाची ओढच होती.

त्याहून मोठी ओढ होती ती मोकळेपणाची. पुढे ही मुलगी राणी होणार हे दिसत होतं. तेव्हा आईने आणि आईच्या कारभाऱ्याने तिच्याभोवती नियमांचं कुंपण घातलं. झोपायचं ते आईच्याच खोलीत. जिना उतरायचा तो कुणाचा तरी हात धरूनच. इतर मुलांशी खेळणं अगदी क्वचित. तेराव्या वर्षी तिला रोजनिशी लिहायला दिली, पण ती आई वाचणार हे तिला ठाऊक होतं. एक मोठी सावत्र बहीण होती, तिच्यावर व्हिक्टोरियाचा फार जीव. ती 1828 साली लग्न होऊन जर्मनीला गेली. मग उरल्या त्या लेझेनबाई. या जर्मनीतल्या एका पाद्र्याच्या लेक, व्हिक्टोरियाला शिकवायला आणि सांभाळायला ठेवलेल्या.

या दोघींनी मिळून बाहुल्यांचा संसार मांडला. बाहुल्या महागड्या नव्हत्या. मेणाच्या बाहुल्या तेव्हा श्रीमंतांच्या घरी असायच्या. व्हिक्टोरियाला आवडल्या त्या साध्या लाकडी. तीन इंचांपासून वीतभर उंचीच्या, खांद्याला, कोपराला, गुडघ्याला खुंट्या बसवलेल्या, काळे केस रंगवलेल्या. युरोपात आल्प्स पर्वताच्या ग्रोडन नावाच्या खोऱ्यात डोंगरी कुटुंबं घरोघरी अशा बाहुल्या कोरायची, रंगवायची आणि त्या दूरदेशी विकायला जायच्या. आपल्याकडच्या ठकीची आठवण यावी अशा. पण आपली ठकी एका लाकडातून कोरलेली, तिचे कपडेही बहुतेक रंगानेच काढलेले. ग्रोडनची बाहुली उघडीच यायची. तिला कपडे घालायला कुणीतरी लागायचंच.

व्हिक्टोरियाला हेच हवं होतं. म्हातारपणी तिने आपल्या चिटणिसाकडून एका लेखिकेला कळवलं की छोट्या लाकडी बाहुल्याच आपल्या आवडीच्या, कारण त्यांना सजवण्यात मन रमायचं. जवळजवळ चौदाव्या वर्षापर्यंत ती बाहुल्यांत रमली होती. एकूण 132 बाहुल्या. त्यातल्या 32 तिने स्वतःच्या हाताने सजवल्या. बाकीच्या लेझेनबाईंनी किंवा दोघींनी मिळून. एका वहीत त्यांची यादी होती: बाहुलीचं नाव काय, ती कोण आहे, तिला कुणी सजवलं. आपल्या गटाच्या खतावणीसारखंच म्हणा ना.

आणि या बाहुल्या कोण होत्या? काही दरबारातल्या सरदारणी. काही नाटकशाळेत नाचणाऱ्या नर्तकी. त्या काळी मारी टॅग्लिओनी नावाची नर्तकी युरोपभर गाजत होती, तिच्याही भूमिका बाहुल्यांच्या रूपात होत्या. पुरुष बाहुले अगदी थोडे. कपडे रेशमाचे, मखमलीचे, जाळीचे, फितीचे. बाहुलीच्या हातात द्यायला अर्ध्या इंचाचा रुमाल आणि त्या रुमालावर नावाची अक्षरं भरलेली. शिवण शिकणाऱ्या मैत्रिणींनो, अर्ध्या इंचाच्या कापडाची कडा दुमडून त्यावर अक्षर भरायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हातचं काम ते.

अंगावर काय होतं?

आता बघू ही मुलगी स्वतः काय घालायची.

लहान व्हिक्टोरियाला बागेत झाडांना पाणी घालताना एका सरदाराने पाहिलं होतं. पुढे त्याने आठवणी लिहिल्या. त्यात तो सांगतो की पोर झारीतलं पाणी अर्धं फुलांना आणि अर्धं आपल्याच पायांवर घालत होती. तिच्या अंगावर पांढरे सुती कपडे, डोक्याला गवताची मोठी टोपी, आणि गळ्याभोवती एक रंगीत रुमाल. दागिना म्हणाल तर तो रुमालच. ज्या पोरीच्या बाहुल्या मखमल ल्यायच्या, तिच्या अंगावर साधं सुती कापड.

यात गरिबी किती आणि शिस्त किती, हे सोडून देऊ. आम्हाला वेगळंच जाणवलं. व्हिक्टोरियाच्या अंगावर काय घालायचं ते आई ठरवणार. कधी निजायचं, कुणाशी बोलायचं, काय वाचायचं, तेही दुसरेच ठरवणार. तिच्या हातात ठरवायला होतं काय? ही नाचणारीण निळी करायची की गुलाबी, एवढंच. त्या 132 जणींच्या राज्यात हुकूम तिचा चालायचा. नर्तकींना बाहेर, दिव्यांच्या उजेडात, शेकडो माणसांसमोर नाचता यायचं. आणि नर्तकी सजवणाऱ्या मुलीला एकटीने जिना उतरता येत नव्हता.

म्हणून आम्हाला वाटतं, बाहुलीचे कपडे बघून सजवणाऱ्या बाईची ऐपत कळत नाही. तिला काय करायचं होतं ते मात्र कळतं.

20 जून 1837 रोजी पहाटे तिला उठवून सांगण्यात आलं की काका वारले, आता तुम्ही राणी. वय वर्षं अठरा. राणी म्हणून तिच्या पहिल्या इच्छांपैकी एक होती तासभर एकटं बसण्याची. आणि त्याच दिवशी तिने आपला पलंग आईच्या खोलीतून हलवला. अंगात त्या दिवशी काळा पोशाख होता, काकांच्या सुतकाचा. तो झगा अजून जपलेला आहे, पण काळा रंग विटून आता तपकिरी झाला आहे. बाहुल्या तर त्याआधीच पेटीत गेल्या होत्या.

राणीने स्वतःसाठी काय निवडलं?

मग राणी झाल्यावर तिने बाहुल्यांसारखे झगझगीत पोशाख केले का? केले, काही काळ. पण सगळ्यात गाजला तो तिच्या लग्नाचा, आणि तो होता पांढरा.

10 फेब्रुवारी 1840 रोजी तिचं आल्बर्टशी लग्न झालं. राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे जडावाचा झगा, मुकुट घालता आला असता. तिने पांढऱ्या साटिनचा झगा निवडला आणि डोक्यावर नारिंगीच्या फुलांचा गजरा. पांढऱ्या कपड्यात लग्न करणारी ती पहिली नव्हे, पण ती चाल जगभर पसरली ती तिच्या लग्नानंतर.

आपल्या कामाचं आहे ते पुढचंच. झग्याचं रेशीम लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातल्या विणकरांनी विणलं होतं. वरची लेस होती होनिटन लेस, हाताने विणलेली. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात समुद्रकाठी बीर नावाचं गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या दोनशेहून अधिक बायका या लेसच्या कामावर होत्या. तेव्हा यंत्रावरची जाळी स्वस्त झाली होती आणि हातलेस करणाऱ्या बायकांच्या चुली थंड पडत चालल्या होत्या. राणीने देशातलंच कापड, देशातलीच लेस हवी म्हटल्यावर त्या गावांना काम मिळालं. हातमागाच्या इरकलला किंवा पैठणीला गिऱ्हाईक आलं की विणकराच्या घरात काय होतं, तसंच ते.

अर्ध्या इंचाच्या रुमालावर जिने डोळे शिणवले होते, तिला हाताच्या कामाची किंमत कळत असणार, असं आपलं आम्हाला वाटतं. ती लेस तिने फेकली नाही की कपाटात कोंबली नाही. पुढे मुलाबाळांच्या लग्नकार्यात तीच लेस ती पुन्हा पुन्हा अंगावर घ्यायची. आपल्याकडे लग्नातला शालू लेकीच्या बारशाला, पुतण्याच्या मुंजीला निघतो ना, तस्संच.

बाकी राणीच्या आवडीला नाकं मुरडणारेही होते. 1855 साली ती पॅरिसला गेली, तेव्हा कॅनरोबेर नावाच्या फ्रेंच सेनापतीने तिच्या कपड्यांची थट्टा लिहून ठेवली. तिच्या हातात एक भली मोठी थैली होती आणि तिच्यावर कुत्र्याचं चित्र भरलेलं होतं. पॅरिसच्या नटव्या बायकांना ते गावंढळ वाटलं. राणीने ती थैली तरीही मिरवली.

कपड्यांचं गाव आणि तारेच्या बाहुल्या

त्याच पॅरिसमध्ये बाहुल्यांचा आणखी एक उपयोग व्हायचा. छापील मासिकं, फोटो नव्हते, तेव्हा नवी तऱ्हा दुसऱ्या गावाला दाखवायची कशी? बाहुलीला तो पोशाख शिवून घालायचा आणि ती बाहुली पाठवून द्यायची. फ्रान्सच्या राजवाड्यातून इंग्लंडच्या राणीकडे बाहुल्या गेल्याची नोंद 1396 सालची आहे. फ्रेंच राणी मारी आंत्वानेतची शिंपीण रोझ बेर्तँ अशाच बाहुल्या सजवून युरोपच्या मोठ्या शहरांत पाठवायची. तिथल्या श्रीमंत बायका बाहुली बघून आपले कपडे शिवून घ्यायच्या. आपली शिंपीण कॅलेंडरवरच्या बाईचा गळा बघून ब्लाउज बेतते, तशी ही बाहुली म्हणजे चालतंबोलतं कॅलेंडर. तिथे बाहुलीचे आणि बाईचे कपडे सारखेच. पण ते त्या थोड्या बायकांपुरतं, ज्यांच्याकडे पैसा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र पॅरिसमध्ये उलटं घडलं. 1944 च्या ऑगस्टमध्ये शहर जर्मन फौजांच्या ताब्यातून सुटलं. अन्न नाही, कोळसा नाही, कापड नाही. चामडं मिळेना म्हणून बायका लाकडी तळव्यांचे जोडे घालून फिरत. कपडे शिवण्याचा मोठा धंदा बसला होता. तेव्हा तिथल्या नामांकित शिवणघरांनी मिळून तारेच्या बाहुल्या केल्या, साधारण सत्तर सेंटिमीटर उंचीच्या. पूर्ण मापाचे कपडे करायला कापड कुठलं, पण बाहुलीपुरतं निघेल, हा हिशेब. 1945 च्या मार्चमध्ये त्यांचं प्रदर्शन मांडलं. प्रत्येक बाहुलीचा कोट खऱ्यासारखा अस्तर लावलेला, बटणं खरी, काज खरे. ते बघायला हजारो लोकांनी गर्दी केली आणि जमलेला पैसा युद्धात होरपळलेल्यांच्या मदतीला गेला. पुढे या बाहुल्या परदेशांतही फिरल्या, पॅरिसच्या शिवणीचा धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून.

थंडीत काकडत, अर्धपोटी बसून ज्या बायकांनी ते रेशीम टाचलं, त्यांच्या अंगावर ठिगळं होती. पण त्या बाहुल्यांच्या जोरावर त्यांच्या हाताला पुन्हा काम मिळणार होतं. आक्का म्हणाल्या, "मग बरोबर केलं. बी पेरायला राखून ठेवावंच लागतं."

बार्बीचं कपाट

आता आपल्या मुलींच्या ओळखीच्या बाहुलीकडे येऊ. बार्बी. 9 मार्च 1959 रोजी ती अमेरिकेत न्यूयॉर्कच्या खेळणी-बाजारात पहिल्यांदा मांडली गेली. रूथ हँडलर नावाच्या बाईंची ही कल्पना. त्यांची लेक बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळायची, पण तान्ह्या बाळाशी खेळतात तसं नाही. ती त्यांना मोठ्या बायका समजून खेळायची. तोवर बाजारातल्या बहुतेक बाहुल्या तान्ह्या बाळांच्या असत, म्हणजे मुलीने खेळातही आईच व्हायचं. जर्मनीत मोठ्या बाईच्या रूपाची एक बाहुली विकायला होती. ती पाहून रूथबाईंनी आपली बाहुली बनवून घेतली. साडेअकरा इंच उंच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख. किंमत तीन डॉलर.

खरा धंदा होता कपड्यांचा. बाहुली एकदाच घ्यायची, कपडे पुन्हा पुन्हा. हे कपडे बेतायला शार्लट जॉन्सन नावाच्या कसबी बाईंना नेमलं. त्या जपानला जाऊन राहिल्या, कारण बाहुल्या आणि कपडे तिथे होणार होते. सुरुवातीचे ते कपडे जपानमधल्या बायकांनी घरी बसून शिवले. बोटभर झग्याला अस्तर, बारीक चेन, मोहरीएवढी बटणं. नगावर मजुरी. आपल्यातल्या किती जणी गाऊनला काज-बटण, साडीला फॉल-पिको असं नगावर करतात. दूर अमेरिकेतल्या मुलीच्या बाहुलीला मेजवानीचा झगा चढवणारी जपानी बाई तसा झगा स्वतः कुठे घालणार होती? बाहुलीच्या पेटीची गोष्ट सांगताना शिवणारीचं कपाट कुणी उघडून बघत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम हे सांगतो.

बार्बीच्या अंगकाठीवर टीका झाली, आणि ती योग्यच आहे. असली कंबर कुठल्याही जित्या बाईला असत नाही, आणि ती बघून कितीतरी मुलींनी आपल्या अंगाचा राग केला. ते विसरायचं नाही. पण तिच्या कपाटात आणखी काही होतं, तेही बघायला हवं.

1962 साली बार्बीला तिचं स्वतःचं घर मिळालं, पुठ्ठ्याचं. त्या काळात अमेरिकेत एकट्या बाईला घरासाठी कर्ज मिळवणं फार कठीण होतं. कर्ज देताना बाई म्हणून, लग्न झालेली किंवा न झालेली म्हणून भेद करायचा नाही, असा कायदा तिथे झाला तो 1974 साली. म्हणजे बाहुलीला घर आधी, बाईला कर्ज बारा वर्षांनी. बँकेत पहिल्यांदा आपल्या नावाने खातं उघडताना आपले हात कसे थरथरले होते, आठवतं का? "मालकांना घेऊन या" असं आपल्यातल्या किती जणींना ऐकावं लागलं?

1965 साली बार्बीला अंतराळात जायचा चंदेरी पोशाख मिळाला. माणूस चंद्रावर उतरला तो 1969 साली. अमेरिकेने अंतराळवीर म्हणून बायकांची निवड केली ती 1978 साली, आणि सॅली राईड ही तिथली पहिली बाई अंतराळात गेली ती 1983 साली. रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा मात्र त्याआधीच, 1963 साली, जाऊन आली होती. अमेरिकेतल्या ज्या आयांनी मुलींना हा पोशाख घेऊन दिला, त्यांच्या स्वतःच्या कपाटात तसं काही असणं शक्यच नव्हतं. त्या मुलींनी तो खेळात तरी घालून बघितला.

व्हिक्टोरियाची नर्तकी आणि ही अंतराळातली बाहुली, मधे सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. तरी गोष्ट एकच दिसते. बाईला जे घालायची, करायची मुभा नसते, ते ती आधी बाहुलीला देऊन बघते.

काळं कापड

आता व्हिक्टोरियाचा शेवटचा भाग, आणि आमच्या मनाला लागलेला.

14 डिसेंबर 1861 रोजी आल्बर्ट वारला. राणी तेव्हा बेचाळीस वर्षांची, नऊ मुलांची आई. त्या दिवसापासून तिने काळे कपडे घातले ते 22 जानेवारी 1901 रोजी डोळे मिटेपर्यंत. जवळजवळ चाळीस वर्षं. डोक्याला विधवेची पांढरी टोपी. 1887 साली राज्याला पन्नास वर्षं झाली, त्याचा मोठा सोहळा झाला. मुकुट घाला, राजवस्त्र घाला, असं सगळ्यांनी विनवलं. तिने ऐकलं नाही. टोपी घालूनच गेली. मेल्यावर मात्र तिच्याच इच्छेप्रमाणे तिच्या तोंडावर लग्नातला लेसचा पदर घालण्यात आला.

त्याच सुमाराला, 1892 साली, एका मासिकात तिच्या जुन्या बाहुल्यांवर लेख छापून आला. त्यासाठी पेट्या उघडल्या, नर्तकी आणि सरदारणी पुन्हा उजेडात आल्या. राणीने मजकूर स्वतः तपासून दुरुस्त्या कळवल्या. काळ्या कपड्यातली त्र्याहत्तर वर्षांची बाई, आणि तिने दहाव्या-बाराव्या वर्षी शिवलेले गुलाबी-निळे झगे. रंग तिला आवडत नव्हते असं कोण म्हणेल?

पण एक फरक इथे नीट लक्षात घ्यायला हवा. व्हिक्टोरियाने काळं नेसलं ते तिचं दुःख म्हणून, आणि तिला नको म्हणणारे होते, "सोडा आता" म्हणणारे होते. हुकूम तिचाच होता. त्याच वर्षांत, तिच्याच राज्यात, आपल्या महाराष्ट्रात काय चाललं होतं? उच्च म्हणवणाऱ्या जातींत नवरा मेलेल्या मुलीचे केस काढत आणि तिला लाल आलवणात गुंडाळत. तिला कुणी विचारत नव्हतं. 1856 साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला तरी कपड्यांचा कायदा घराघरांत तोच राहिला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी अशा मुलींना आपल्या घरात आसरा दिला. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. म्हणजे ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला.

केशवपन गेलं. आलवण गेलं. पण सगळंच गेलं का? बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं, हळदीकुंकवाला न बोलावणं, हे आपल्या डोळ्यांसमोर होतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून या चाली बंद केल्या. राजर्षी शाहू महाराजांचं ते स्मृतिशताब्दी वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कितीतरी गावांनी केलंही. आपल्या गावाने केलं का, हे प्रत्येकीने स्वतःला विचारायचं आहे.

पुन्हा गौरीपाशी

सुरुवातीला गौरीची गोष्ट सांगितली ती अर्धीच होती. उरलेली आता सांगतो.

आक्कांनी दोन्ही गौरींना साड्या नेसवल्या, निऱ्या सरळ केल्या, पदर बसवला, नथ घातली. मग हळदीकुंकवाची वाटी पुढे आली तशा त्या उठल्या आणि मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. कुणी "जा" म्हटलं नाही. कुणी "थांबा" म्हटलं नाही. वर्षानुवर्षं हेच चाललंय म्हणून आम्ही बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं. बारा वर्षं झाली त्यांचे मालक जाऊन. देवीला सजवायला हात चालतात, देवीला कुंकू लावायला चालत नाहीत.

हा लेख तयार करताना आम्ही हे सगळं आक्कांना वाचून दाखवलं. व्हिक्टोरियाच्या बाहुल्यांचं ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडे पण एक हिरवी साडी आहे. भावाने भाऊबीजेला दिलेली. ट्रंकेच्या तळाला आहे. दर वर्षी उन्हं दाखवते आणि परत ठेवते."

आम्ही विचारलं, "नेसत का नाही?"

"कुणी नेस म्हटलं नाही."

आम्ही पंधरा वर्षं त्यांच्या गटात आहोत. कर्जाचे हप्ते, शेळ्यांचा विमा, पापडाचा भाव, सगळं बोललो. हे कधी बोललो नाही. यात दोष आमचाही आहे.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने सांगायचं, आपल्या ट्रंकेच्या तळाला काय आहे आणि ते का नेसलेलं नाही. महाग म्हणून, जपायचं म्हणून, लेकीसाठी म्हणून, तर ठीक. बी राखून ठेवावंच लागतं. पण कुणी काय म्हणेल म्हणून ठेवलेलं असेल, तर ते कुणी म्हणायच्या आत आपणच एकमेकींना "नेस" म्हणू या.

आमच्या आळीत यंदा ठरलं आहे. गौरी उभ्या करायला आक्काच येणार, आणि येताना हिरवी साडी नेसून येणार. कुंकवाची वाटी आली की वहिनी ती पहिल्यांदा आक्कांच्या हातात देणार. वहिनींच्या सासूबाईंनी आधी मान हलवली नाही. मग त्यांनीच आक्कांना निरोप धाडला, "पदराला पिन लागेल, घेऊन या."

नमस्कार.